प्राचार्य पडले तेव्हा आत्या काय करत होती

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मधोमध खुर्चीचा एक पाय ठेवलेला होता. ताटं मांडायची तर पाय हलवायला हवा, आणि तो हलवायला कुणी तयार नव्हतं. कारण जो हात लावेल त्यानेच तो मोडला असं ठरेल, अशी प्रत्येकाला भीती. शेवटी सगळ्यांनी ताटं हातात घेतली आणि उभ्याने जेवायला सुरुवात केली. तीन पिढ्या खुर्च्या बनवणारं घर उभ्याने जेवतंय, हे रस्त्यावरून कुणी पाहिलं तर त्याची वेगळी बातमी होईल, हे फक्त आत्याच्या लक्षात आलं. तिने ताटासकट जाऊन खिडकीचा पडदा ओढला.

सवय, दुसरं काय. जनसंपर्क सल्लागार म्हणून तिची उभी हयात कुणाचा पडदा कधी ओढायचा आणि कधी उघडायचा हे सांगण्यात गेली होती.

"हा पाय आपला नाहीच," दादा म्हणाला.

"खुर्चीखाली शिक्का आहे," आत्या म्हणाली. "मी पाहिला."

"तू पाहिलास हे आता अख्ख्या जगाने पाहिलंय," दादा म्हणाला आणि जेवायला लागला.

आत्या खरं तर घरात एकाच व्यक्तीची आत्या होती, दादाच्या मुलीची. पण मुलीचं ऐकून दादा आपल्या धाकट्या बहिणीला आत्या म्हणू लागला, दादाचं ऐकून वहिनी, आणि हळूहळू अप्पाही. स्वतःच्या लेकीला आत्या म्हणणारे ते बहुधा एकमेव बाप असावेत. दादाच्या मुलीला मात्र कुणी मुलगी म्हणत नसे, तिचं नाव खिळा. रांगत्या वयात तिने कारखान्यातला खिळा गिळला होता. खिळा यथावकाश सुखरूप परत मिळाला, नाव परत घ्यायचं राहून गेलं. आता ती कॉलेजात शिकत होती, आणि दर शनिवारी त्याच कॉलेजात पाहुणी शिक्षिका म्हणून येणाऱ्या आत्याच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होती.

शुक्रवारी घडलं ते असं. कॉलेजात जनसंपर्क शिकवायला कायमची जागा निघाली होती आणि आत्याची मुलाखत होती. तिला ती जागा हवी होती. किती हवी होती हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण घरात काहीही सांगितलं की त्यावर आधी मतदान होई. पण सल्ला देताना समोरचे लोक सारखे घड्याळ बघत, आणि शिकवताना तीच घड्याळ बघायला विसरे. एवढ्या एका फरकासाठी तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे तरी अर्ज केला होता.

मुलाखत झकास चालली होती. प्राचार्य अंगाने इतके किरकोळ, की कोट त्यांनी घातलाय की कोटाने त्यांना, असा प्रश्न पडावा. ते खुर्चीत मागे रेलले, बोटांत बोटं गुंफली आणि म्हणाले, "बरं मॅडम, शेवटचा प्रश्न. संकट कोसळलं, तर सर्वात पहिली गोष्ट तुम्ही काय कराल?"

आणि कोसळले.

खुर्चीचा मागचा पाय निखळला आणि प्राचार्य टेबलाआड गेले. आता अशा वेळी साधा माणूस काय करील? धावेल, "लागलं का हो?" विचारील, पाणी आणील. आत्या धावली, हे खरं. पण धावून तिने खुर्ची उचलली, उलटी केली आणि खालचा शिक्का पाहिला.

हा दोष तिचा नव्हता, रक्ताचा होता. या घरातलं कुणीही कुठेही गेलं, लग्नाला, दवाखान्यात, अगदी सांत्वनाला, तरी बूड टेकण्याआधी खुर्ची उलटी करून पाहणारच. अप्पांनी एकदा न्यायालयात साक्षीदाराची खुर्ची उलटी केली होती. न्यायाधीशांनी कारण विचारलं तेव्हा "परक्याची आहे" म्हणाले होते आणि उभ्यानेच साक्ष दिली होती.

मुलाखतीचं चित्रण होत होतं, नियमच होता तसा. ते कुणाच्या तरी फोनमधून बाहेर पडलं, आणि शनिवार संध्याकाळपर्यंत अनोळखी लोकसुद्धा एकमेकांना पाठवत होते. चित्रणात खाली दोन बूट दिसत होते, वर आत्या खुर्चीचं बूड निरखत होती, आणि कुणीतरी त्यावर लिहिलं होतं: 'माणूस पडला तरी चालेल, खुर्ची मिळाली पाहिजे!'

सगळ्यात वाईट म्हणजे ती गोंधळात बाहेर पडली तेव्हा तिच्या एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातात तो पाय.

"झालं ते झालं," दादा म्हणाला. "आता निवेदन काढायचं. मी लिहून आणलंय." त्याने खिशातून कागद काढला. "'सदर घटनेबद्दल आम्हाला खेद वाटतो, परंतु'—"

"एक," खिळा म्हणाली.

"काय एक?"

"एक परंतु. आत्याच्या वर्गात माफीच्या वाक्यात परंतु आला की अख्खं निवेदन फळ्यावर पुन्हा लिहावं लागतं. परंतु आला की माफी संपली आणि भांडण सुरू."

"हा तुझा वर्ग नाही. 'परंतु खुर्ची ही बसण्यासाठी असते, परंतु रेलण्यासाठी'—"

"तीन."

दादाने कागद खिशात घातला. या विषयावर त्याचं मत साऱ्या घराला पाठ होतं. बहिणीचा धंदा म्हणजे हवेचा धंदा. लाकूड दिसतं, खिळा दिसतो, अगदी गिळलेलासुद्धा एक्स-रेमध्ये दिसतो. पण ही बाई विकते काय? एकदा तिने समजावलं होतं. एका लिफ्टच्या कंपनीत लिफ्ट अडकली, आत माणसं. कंपनी लिहीत होती, 'प्रवासी काही काळ थांबले.' आत्याने ते खोडून लिहिलं, 'आमची लिफ्ट अडकली.' बस, एवढंच. कंपनीची अब्रू वाचली. दादा शांतपणे ऐकून म्हणाला होता, "म्हणजे लिफ्ट तू काढली नाहीस."

"मी काय म्हणते," वहिनी म्हणाली. कारखान्याच्या ऑर्डरी तीच सांभाळायची, आणि कालपासून दोन शाळांचे फोन येऊन गेले होते. "कॉलेजची फरशी उताराची आहे. मी पाहिलीय."

"खुर्चीला उभं राहता येईना, फरशी वाकडी," अप्पा म्हणाले.

सगळे उभे असले तरी अप्पा एकटेच बसून जेवत होते. त्यांची स्वतःची खुर्ची होती, स्वतःच्या हाताने केलेली, आणि तिच्यावर ते सोडून कुणी बसायचं नाही असा दंडक होता. त्यांना या प्रकरणात एकच गोष्ट कळत नव्हती. "पण मुलाखत कसली? आत्या तर आहेच ना प्रोफेसर?"

हा या घरातला सगळ्यात जुना गैरसमज होता. आत्याने पहिल्यांदा स्वतःची व्हिजिटिंग कार्डं छापली तेव्हा त्यावर 'पी.आर.' असं ठळक होतं. पुढचं 'पब्लिक रिलेशन्स' बारीक अक्षरात होतं, आणि अप्पांचा चष्मा तेव्हा दुरुस्तीला होता. पी.आर. म्हणजे प्रोफेसर, एवढं न कळायला ते काही अडाणी नव्हते. त्यांनी त्याच दिवशी समोरच्या दातांच्या डॉक्टरांना सांगून टाकलं. डॉक्टर अधूनमधून विचारत, "कुठल्या कॉलेजात?" अप्पा म्हणत, "एक का कॉलेज! आज इथे, उद्या तिथे." चष्मा परत आला, खरं काय ते कळलं, पण तोवर बातमी गल्लीच्या टोकाला पोहोचली होती. मग अप्पांनी खरं काय तेच विसरून जायचं ठरवलं. त्यांनी एकदा ठरवलं की ठरवलं.

"आहेच, अप्पा," आत्या म्हणाली. "तुम्ही जेवा."

एवढ्यात तिचा फोन वाजला. प्राचार्य. सगळ्यांनी ताटं खाली ठेवली. खिळाने फोन स्पीकरवर टाकला, कारण नाहीतरी सगळे कान लावून ऐकणारच होते.

"मॅडम, कोपर सुजलंय, बाकी मी ठीक आहे," प्राचार्य म्हणाले. "निवड समिती तातडीने जमतेय, तासाभरात. संध्याकाळपर्यंत कॉलेजला निवेदन काढावं लागेल. समितीचं मत पडलं, की ते तुम्हीच लिहावं."

"मी?"

"जनसंपर्काची एकमेव उमेदवार तुम्ही. दुसऱ्याने अर्ज मागे घेतला, ते चित्रण पाहून. तेव्हा याला तुम्ही मुलाखतीचा उरलेला भाग समजा. आणि मॅडम, खुर्ची पुरवणाऱ्यांना चांगलं खडसावून लिहा. कोण लोक आहेत, काही कल्पना?"

आत्याने दादाकडे पाहिलं. दादाने छताकडे पाहिलं.

"थोडीफार," आत्या म्हणाली.

फोन बंद झाल्यावर वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणजे आत्याबाई, कॉलेजकडून तुम्हीच आणि कारखान्याकडूनही तुम्हीच?"

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," अप्पा म्हणाले.

आत्याने लगेच सांगायला हवं होतं, सर, तो कारखाना माझ्या भावाचा आहे. वर्गात तिने हेच शिकवलं असतं. पण 'एकमेव उमेदवार' हे दोन शब्द कानात बसले होते, आणि ते इतके आरामात बसले होते की त्यांना उठवणं तिच्या जिवावर आलं. आधी लिहून तर पाहू, मग सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. तिच्या गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकाने आजवर हेच वाक्य तिला ऐकवलं होतं, आणि प्रत्येकाला तिने त्यावर झापलं होतं.

तिने टेबलाच्या एका टोकाला बसून कॉलेजचं निवेदन लिहिलं. मग दुसऱ्या टोकाला जाऊन, ते वाचून, कारखान्याचं उत्तर लिहिलं. मधे पाय होताच. कॉलेजचं निवेदन खिळाने मोठ्याने वाचलं, अगदी प्राचार्यांच्या आवाजात. "'पुरवठादाराच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे'—"

"अक्षम्य?" आत्या कारखान्याच्या बाजूने ताडकन उठली. "एका पायासाठी अक्षम्य? कोण समजतात हे लोक स्वतःला?"

"आत्या, तूच लिहिलंयस."

"मला माहितेय. म्हणून तर राग येतोय."

मग वहिनीने कारखान्याचं वाचलं. "'इतक्या वर्षांत आमच्या एकाही खुर्चीने कुणाला'—"

"हे उर्मट आहे," आत्या कॉलेजच्या बाजूने म्हणाली. "आमचे प्राचार्य पडलेत आणि तुम्ही स्वतःची आरती ओवाळताय!"

"तुझे प्राचार्य?" दादा भडकला. "अजून नोकरी लागली नाही आणि तुझे प्राचार्य?"

"खरं सांगू? मला कॉलेजचं म्हणणं पटतंय," वहिनी म्हणाली.

दादाने बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने शेजारच्या कारखान्याच्या खुर्चीवर बसून दाखवलं होतं. "तू त्यांच्या बाजूने?"

"मी मुद्द्याच्या बाजूने. आपण गोंद बदलला तेव्हा मी म्हटलं नव्हतं, आधी घरात वापरून बघू?"

"गोंदाचं नाव काढू नकोस!"

"मग फरशीचं काढू?"

"बाबा, फरशीचा मुद्दा आईचाच होता," खिळा म्हणाली.

"तू गप्प. तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी कॉलेजात शिकते आणि कारखान्यात वाढले. मी उभीच आहे."

अप्पा दोन्ही निवेदनं लक्षपूर्वक ऐकत होते. "दोघींपैकी कॉलेजवाली बरी लिहिते," ते म्हणाले. "तिला घ्या."

आत्या हात धुवायला उठली. न्हाणीघरात जाऊन तिने नळ सोडायला हात घातला. नळ हलेना. दोन्ही हातांनी पिळला, टॉवेल गुंडाळून पिळला. नळ आपला ढिम्म. म्हणजे तिच्या आधी दादा येऊन गेला होता. दादा नळ बंद करी तो पुन्हा उघडू नये या हेतूने. त्याने झाकण लावलेली बरणी फोडावीच लागे. लहानपणी त्याने तिच्या सायकलची घंटा आवळून दिली होती. ती सायकल भंगारात गेली, पण घंटा निघाली नाही.

आत्या नळ धरून तशीच उभी राहिली.

मग ती ओला न झालेला हात पुसत बाहेर आली, टेबलावरचा पाय उचलला (सगळ्यांनी श्वास रोखला) आणि खिडकीचा पडदा सारून उजेडात धरला. तुटलेल्या लाकडाला तुसं येतात, हे या घरात मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवत. इथे तुसं नव्हती. बोल्टच्या भोकापासून सरळ वर एक स्वच्छ रेघ गेली होती. लाकूड तुटलं नव्हतं, फाटलं होतं. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला की फाटतं तसं.

"दादा," ती म्हणाली, "गुरुवारी दुपारी तू कुठे होतास?"

"गुरुवारी? कारखान्यात."

"तुम्ही तर बाहेर गेला होतात की," वहिनी म्हणाली. "पान्हे घेऊन."

दादाने पुन्हा छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं, हे त्याला मघाशीच कळलं होतं.

"मी आपला सहज गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "शिपाई ओळखीचा आहे. म्हटलं, हिची दुसऱ्या दिवशी मुलाखत, एकदा खोली बघून यावी. खुर्ची डुगडुगली तर बोलताना लक्ष उडतं माणसाचं. तुझी बघितली. जराशी हलत होती, म्हणून आवळली. मग म्हटलं प्राचार्यांची पण बघू. त्यांची खुर्ची हलली तर ते चिडतील आणि चिडलेला माणूस मार्क कमी देतो. म्हणून ती अर्धा आटा जास्तच आवळली. प्रेमाने."

बहिणीचा धंदा हवेचा आहे असं ज्याने जन्मभर सांगितलं, तो माणूस गुरुवारी भर दुपारी गुडघ्यांवर बसून तिच्यासाठी खुर्च्या आवळत होता, ही गोष्ट पचवायला सगळ्यांनाच जरा वेळ हवा होता. आत्याला एकाच वेळी त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच्याच पान्ह्याने त्याला आवळावंसं वाटलं.

"हात दाखवून अवलक्षण," वहिनी म्हणाली, पण आवाज मऊ झाला होता.

"तू सांगितलं का नाहीस?" आत्याने विचारलं.

"काय सांगू? उमेदवाराच्या भावाने आदल्या दिवशी प्राचार्यांच्या खुर्चीला हात लावला, असं? तुझी नोकरी गेली असती. त्यापेक्षा म्हटलं खुर्ची आपली नाही असंच म्हणू."

"आणि शाळांच्या ऑर्डरी?"

"त्या गेल्या असत्या, पण तू तर—"

"चार," खिळा म्हणाली, आणि मग तिचा चेहरा बदलला. "बाबा. तू आत्याची आवळलीस, प्राचार्यांची आवळलीस. आणि बाकीच्या?"

दादाने बाकीच्यांचा विचार केला. "समितीच्या पण," तो म्हणाला. "एकदा पान्हा हातात आला की..."

"सगळ्या?"

"सगळ्या."

आत्याने घड्याळाकडे पाहिलं. तासाभरात समिती जमणार होती. तास होऊन गेला होता. आणि समिती जमणार कुठे? त्याच खोलीत. बसणार कशावर?

आता खरं सांगायचं तर नोकरी जाणार, आणि नाही सांगायचं तर माणसं पडणार. आत्याने आजवर पुष्कळ कंपन्यांना अशा प्रसंगी काय करावं ते सांगितलं होतं, आणि त्या कंपन्या उत्तर द्यायला एवढा वेळ का लावतात हे तिला कधी कळलं नव्हतं. आज कळलं. फोनवर बोट ठेवायला तिलाही चांगला दीर्घ श्वास घ्यावा लागला.

"बोला मॅडम," प्राचार्यांचा आवाज आला. "आम्ही सगळे इथे बसूनच तुमची वाट—"

"उठा!"

"काय?"

"सर, उभे राहा. सगळे. आत्ताच्या आत्ता. कारण नंतर सांगते."

तिच्या कारकिर्दीतलं ते सगळ्यात छोटं निवेदन होतं. पलीकडे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कुणीतरी कुरकुरत होतं. मग प्राचार्यांचा आवाज: "खजिनदार, तुम्हीपण... अहो उठा ना, आम्ही उठलो तर तुम्हाला काय... आता या वयात खुर्ची सोडायला काय होतं तुम्हाला?"

आणि मग धप्प.

इकडे टेबलाभोवती सगळ्यांनी डोळे मिटले.

"लागलं का त्यांना?" आत्याने विचारलं. हा प्रश्न यावेळी तिने सर्वात आधी विचारला.

"नाही, नाही. फायलींच्या गठ्ठ्यावर पडलेत. ते म्हणतायत की... ते काय म्हणतायत ते जाऊ द्या. मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

"सर, तो कारखाना माझ्या घरचा आहे. मघाशीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला ही जागा हवी आहे. बाकीचं माझा भाऊ सांगेल."

तिने फोन दादापुढे धरला. दादा दोन पावलं मागे सरकला. "मी? मला बोलता येत नाही," तो कुजबुजला. "बोलणं तुझं काम."

"मी नळ सोडू शकत नाही, दादा. तूच आवळलायस, तूच सोड."

दादाने फोन हातात घेतला. बोट उगारून खिळा समोर उभी होती, पाचवा मोजायला तयार. दादाने घसा साफ केला. "नमस्कार. मी हिचा थोरला भाऊ. खुर्च्या आमच्या आहेत. गोंद चांगला आहे, फरशी सरळ आहे. गुरुवारी मी येऊन सगळ्या खुर्च्या जास्त आवळल्या. लाकूड त्याने फाटलं. चूक माझी आहे. तुम्ही पडलात, खजिनदारसाहेब पडले. माफ करा. प—"

खिळाचं बोट वर गेलं.

"प... परवा नको, उद्याच सगळ्या बदलून देतो," दादा म्हणाला.

खिळाने बोट खाली घेतलं. आत्या तिच्या वर्गातल्या पोरांना वर्षभर जे शिकवत होती ते तिच्या भावाने नळाच्या आट्याइतक्या सोप्या भाषेत करून दाखवलं होतं, आणि त्यालाच ते कळलं नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण नुसतं खुर्च्यांबद्दल बोललो.

पलीकडे खुसफुस सुरू झाली. समिती उभ्याने चर्चा करत होती, त्यामुळे ती लवकर संपली.

"मॅडम," प्राचार्य म्हणाले, "शुक्रवारचा माझा शेवटचा प्रश्न राहिला होता. समितीचं म्हणणं, त्याचं उत्तर घेतल्याशिवाय मुलाखत पूर्ण होत नाही. संकट कोसळलं तर सर्वात पहिली गोष्ट तुम्ही काय कराल?"

आत्याने हातातल्या पायाकडे पाहिलं. "तेच जे केलं, सर. उलटं करून शिक्का बघायचा. आपलाच तर नाही ना, ते आधी बघायचं. बहुतेक लोक दुसऱ्याचा शिक्का शोधत बसतात."

"हं. आणि पडलेला माणूस?"

"ती दुसरी गोष्ट. मी वळले तोवर शिपायाने तुम्हाला उचललं होतं. तुम्ही फार हलके आहात, सर."

प्राचार्य हसले. कोपर दुखल्याचा आवाज आला, तरी हसत राहिले. "सोमवारपासून या. नियुक्ती करतोय, परंतु..."

घरातल्या सगळ्यांनी फोनकडे पाहिलं.

"...परंतु भावाला वर्गात आणू नका."

हा परंतु कुणीच मोजला नाही.

संध्याकाळी निवेदन निघालं, एकच, कॉलेज आणि कारखाना दोघांच्या सह्यांचं. 'शुक्रवारी मुलाखतीत प्राचार्य पडले. खुर्ची आमची होती. उमेदवाराच्या भावाने आदल्या दिवशी काळजीपोटी ती जास्त आवळली होती. रविवारी खजिनदारही पडले, कारण तेच. दोघे सुखरूप आहेत. आम्ही चुकलो. सर्व खुर्च्या बदलत आहोत.' शाळांचे फोन पुन्हा आले. वहिनीने उचलले. दोन्ही मुख्याध्यापकांनी एकच चौकशी केली: आमच्याकडे तो भाऊ येऊन गेलाय का? नाही म्हटल्यावर दोघांनी ऑर्डर कायम ठेवली. दादाला कारखान्याबाहेर पान्हा न्यायला त्याच दिवशी बंदी झाली, घरातल्या नळालाही हात लावायची. तो म्हणाला, "मग मी हात कुठे धुवायचे?" त्यावर मतदान होणार होतं.

टेबल मोकळं झालं, ताटं मांडली गेली, सगळे बसले. फक्त अप्पा बसलेले नव्हते. ते खिडकीशी उभे होते आणि पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होते.

"दातांचे डॉक्टर येतायत," ते म्हणाले. त्यांचा आवाज आत्याने आजवर कधी ऐकला नव्हता असा होता. "हातात फुलं आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसतंय की तू प्रोफेसर झालीस."

"मग चांगलंच आहे की, अप्पा."

"चांगलं काय? अगं, आज झालीस! आज! आणि मी त्यांना... केव्हापासून सांगतोय मी?" त्यांनी कपाळ पुसलं. "आता ते विचारणार, मग इतकी वर्षं ती कोण होती? काय तोंड दाखवू? तू सांग. तुझं कामच आहे ना हे, लोकांना काय सांगायचं ते सांगायचं?"

इतक्या वर्षांत तिच्याकडे साबणवाले आले, लिफ्टवाले आले, बँका आल्या. आपलं काम नेमकं काय आहे हे या माणसाला समजावण्यात तिची निम्मी उमर गेली होती. आणि आज ते आपणहून तिच्या दारी गिऱ्हाईक म्हणून उभे होते.

"आधी बसा, अप्पा," ती म्हणाली. अप्पांनी घाईत स्वतःच्याच खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि बसले. "खरं काय ते सांगायचं का?"

"दुसरं काही नाही का?"

"आहे."

घंटा वाजली. खिळा दार उघडायला धावली.

"सांगा," आत्या त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बढती झाली."

अप्पांचा चेहरा उजळला. डॉक्टर आत आले, फुलं आत्याच्या हातात दिली, अभिनंदन केलं. दादाने अदबीने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. डॉक्टरांनी खुर्चीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, पुन्हा खुर्चीकडे पाहिलं.

मग त्यांनी ती उचलून उलटी केली.